पवनचक्की फिरली, पण दिवा लागला नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: “मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना विज्ञान शिकवते. पवनऊर्जेवर पाठ्यपुस्तकात जेमतेम एक पान आहे. ‘पवनऊर्जा स्वच्छ, मोफत आणि अक्षय आहे’ हे वाक्य मुले घडाघडा म्हणून दाखवतात. त्यापलीकडे त्यांना काही उमगले आहे असे मला वाटत नाही. म्हणून आम्ही पुठ्ठ्याची पाती आणि खेळण्यातली मोटर घेऊन पवनचक्की तयार केली. टेबलफॅनसमोर ती छान फिरली, पण तिला जोडलेला एलईडी दिवा काही लागला नाही आणि मुले हिरमुसली. एका मुलाने विचारले, ‘पंख्याला वीज लागतेच, मग या चक्कीने काय मिळवले?’ एका मुलीने विचारले, ‘मोठ्या पवनचक्कीला तीनच पाती का?’ मला दोन्ही उत्तरे नीट देता आली नाहीत. सहा आठवड्यांनी विज्ञान प्रदर्शन आहे. एका सहकाऱ्याने सुचवले की, तळाशी छोटी बॅटरी लपवावी, म्हणजे दिवा लागेल आणि पाहुणेही खूश होतील. मी काय करावे? शिवाय पवनऊर्जेच्या उणिवा मुलांना सांगाव्यात, की उत्साह मावळेल म्हणून टाळाव्यात?”

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी बॅटरीबद्दल: ती लपवू नका. तुमच्या सहकाऱ्यांचा हेतू वाईट नाही, मुलांचा हिरमोड होऊ नये एवढीच त्यांची इच्छा आहे, हे मला समजते. परंतु ज्या मुलांनी स्वतःच्या हातांनी पाती कापली, त्यांना तळाशी काय दडवले आहे हे ठाऊक असणारच. आणि ‘प्रयोग फसला तर उत्तर बाहेरून आणून चिकटवायचे’ ही गोष्ट ती त्या दिवशी शाळेत, शिक्षकांच्या देखत शिकतील. विज्ञानाच्या शिक्षकाने मुलांवर यापेक्षा मोठा अन्याय करू नये, असे मला अगदी मनापासून वाटते. शिवाय त्या न लागलेल्या दिव्यात पाठ्यपुस्तकातील पानापेक्षा कितीतरी अधिक शिकण्यासारखे आहे, आणि ते तुमच्या हाती आयते आलेले आहे.

दिवा का लागला नाही, ते आधी पाहू. खेळण्यातली मोटर उलट वापरली, म्हणजे तिला वीज देण्याऐवजी तिचा आस आपण फिरवला, की ती जनित्राचे काम करते आणि तिच्यातून मिळणारा विद्युतदाब साधारणपणे फिरण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो. समजा, तुमची मोटर ३ व्होल्टवर मिनिटाला सुमारे ६,००० फेरे घेते. याचा अर्थ, तिच्याकडून ३ व्होल्ट हवे असतील तर तिला मिनिटाला निदान तेवढेच फेरे द्यावे लागतील. टेबलफॅनसमोर पुठ्ठ्याची चक्की मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर मोटर फार तर ०.३ व्होल्ट देणार. लाल एलईडीला उजळण्यासाठी सुमारे १.८ व्होल्ट लागतात आणि पांढऱ्याला ३ च्या आसपास; त्याखाली तो जवळजवळ विद्युतधाराच वाहू देत नाही, त्यामुळे अंधुकसुद्धा दिसत नाही. म्हणजे तुमची चक्की नापास झालेली नाही. ती वीज निर्माण करीत होती, पण ती पाहण्याचे साधन तुम्ही चुकीचे निवडले होते. उद्या वर्गात एलईडी काढून त्या जागी मल्टिमीटर लावा आणि चक्की पुन्हा पंख्यासमोर धरा. पडद्यावर ०.२ किंवा ०.३ असा आकडा हलताना दिसला की हिरमुसलेली मुले पुढे सरकतील, याची मला खात्री आहे, कारण न लागलेला दिवा फक्त ‘नाही’ एवढेच सांगतो. मल्टिमीटरवरचा आकडा मात्र ‘किती’ हे सांगतो आणि ‘आणखी कसे वाढेल’ हा प्रश्न आपोआप उभा करतो.

त्या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच शोधू द्या. मोटर सहापट वेगाने फिरायला हवी, तर चक्कीच्या आसावर मोठी कप्पी आणि मोटरच्या आसावर तिच्या एक-षष्ठांश व्यासाची छोटी कप्पी बसवून दोन्हींवर रबरी पट्टा चढवावा, ही युक्ती सायकल चालवणाऱ्या मुलांना फारशी मदत न करता सुचते. मग नवी अडचण उभी राहील: चक्की आता जड चालेल, कदाचित सुरूच होणार नाही, कारण वेग सहापट मिळवण्यासाठी तिला फिरवण्याचा जोरही सहापट द्यावा लागतो. तेव्हा पाती लांब करावी लागतील, किंवा त्यांचा कोन बदलावा लागेल, किंवा मुळातच कमी फेऱ्यांत जास्त विद्युतदाब देणारी मोटर शोधावी लागेल. जुन्या, मोडीत निघालेल्या प्रिंटरमधली स्टेपर मोटर यासाठी उत्तम; ती हाताने हळू फिरवली तरी लहान एलईडी लुकलुकतो. पण ती पहिल्याच दिवशी देऊ नका. आधी अडचण भिडू द्या.

आणि ही अडचण खेळण्यापुरती नाही, हे मुलांना अवश्य सांगा. खऱ्या, अवाढव्य पवनचक्क्यांची पाती मिनिटाला साधारण १० ते २० फेरेच घेतात, तर नेहमीच्या जनित्राला हजार-दीड हजार फेऱ्यांची गरज असते. म्हणून अनेक पवनचक्क्यांच्या माथ्यावर, त्या डब्यासारख्या भागात, वेग वाढवणारी दातेरी चाकांची मोठी पेटी बसवलेली असते. काही उत्पादक ही पेटी पूर्णपणे टाळतात आणि त्याऐवजी पुष्कळ चुंबके असलेले, मोठ्या व्यासाचे कडे घातल्यासारखे जनित्र वापरतात, जे हळू फिरूनही पुरेसा विद्युतदाब देते. तुमच्या मुलांपुढे कप्पी की प्रिंटरची मोटर असा जो पेच येणार आहे, तोच जगभरच्या अभियंत्यांपुढे आहे आणि दोन्ही बाजूंनी आजही चक्क्या बांधल्या जातात. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळते तेव्हा तिच्या पुठ्ठ्याच्या चक्कीकडे ती वेगळ्या नजरेने पाहते.

आता त्या मुलाचा प्रश्न. पंख्याला वीज लागतेच, मग चक्कीने काय मिळवले? त्याला सांगा की त्याचे म्हणणे बरोबर आहे: चक्कीने काहीच मिळवले नाही, उलट बरेच गमावले. मग ते गमावणे मोजून दाखवा. यासाठी माझी आग्रहाची सूचना अशी की, सुरुवात विजेने करूच नका. चक्कीच्या आसाला दोरा बांधा, दोऱ्याच्या टोकाला कागदी पेला, पेल्यात लोखंडी वॉशर. चक्की फिरली की दोरा आसावर गुंडाळला जातो आणि पेला वर चढतो. समजा, ५० ग्रॅमचा पेला ५ सेकंदांत १ मीटर वर गेला. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला तर कार्य सुमारे अर्धा ज्यूल येते. ते ५ सेकंदांत झाले, म्हणून शक्ती ०.१ वॅट. पंख्यावर मात्र ५० वॅट लिहिलेले असेल. पाचशेतला एक हिस्सा हाती आला, बाकीचा कुठे गेला? काही पंख्याच्या मोटरीच्या उष्णतेत गेला, बराचसा वारा चक्कीच्या बाजूने निघून गेला, काही घर्षणात गेला. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहून जितका कळतो त्यापेक्षा या हिशेबाने अधिक कळतो. मग त्या मुलाला एवढेच सांगायचे की, आपल्या वर्गातला पंखा हा खऱ्या वाऱ्याचा बदली नट आहे. खऱ्या वाऱ्याला कोणी वीज देत नाही, त्याला सूर्य चालवतो.

हे शेवटचे वाक्य मात्र सांगून सोडू नका, कारण पवनऊर्जा ही मुळात सौरऊर्जाच आहे ही गोष्ट मुलांना फार क्वचित सांगितली जाते. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची थंड हवा येते. खारे वारे आणि मतलई वारे मुले भूगोलात शिकलेली असतात, पण भूगोलाच्या वहीतले वारे आणि विज्ञानाच्या वहीतली पवनचक्की एकच आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दोन सारख्या भांड्यांत वाळू आणि पाणी घेऊन एकाच दिव्याखाली ठेवा आणि दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवा. अर्ध्या तासात फरक स्पष्ट दिसतो. शक्य असल्यास भूगोलाच्या शिक्षकांना त्या तासाला बोलवा.

मग वारा मोजायला बाहेर पडा. वातमापक विकत आणण्याची सुरुवातीला गरज नाही. १८०५ साली फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याचे जोर क्रमांकांत बसवण्याची जी पद्धत घातली, तिचे जमिनीवरचे रूप केवळ डोळ्यांनी वापरता येते. पाने सळसळू लागली आणि चेहऱ्याला वारा जाणवला तर क्रमांक २. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर क्रमांक ३, म्हणजे सेकंदाला साधारण ३.४ ते ५.४ मीटर. धूळ व सुटे कागद उडू लागले, लहान फांद्या हलल्या तर क्रमांक ४, म्हणजे ५.५ ते ७.९ मीटर. मोठी पवनचक्की साधारणपणे सेकंदाला ३ ते ४ मीटर वेगाच्या वाऱ्यावर वीज देऊ लागते, १२-१३ मीटरच्या आसपास आपली पूर्ण क्षमता गाठते आणि वेग २५ मीटरच्या पुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी बहुधा थांबते. म्हणजे डहाळ्या सतत हलू लागल्या की कुठेतरी चक्की जागी होत असेल, एवढा अंदाज मुलांना खिडकीतून बाहेर पाहून बांधता येईल. महिनाभर, रोज ठरलेल्या तीन वेळी, दोन-दोन मुलांनी ही नोंद वर्गातल्या तक्त्यावर करावी. थांबलेली पवनचक्की ‘बिघडलेली’ असते, हा सर्रास आढळणारा गैरसमज या तक्त्याने जितका सहज दूर होतो तितका व्याख्यानाने होत नाही.

त्या नोंदींचा पुढे एक फार मोलाचा उपयोग आहे, आणि या संपूर्ण विषयाचे मर्म माझ्या मते तेथे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती किती पट होते, असे मुलांना विचारा. जवळजवळ सगळी ‘दुप्पट’ म्हणतील. सूत्र लगेच लिहू नका. एक चौरस मीटरची चौकट हवेत उभी धरली आहे अशी कल्पना करायला सांगा. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा त्या चौकटीतून एका सेकंदात ५ घनमीटर हवा नेतो आणि समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणजे दर सेकंदाला ६ किलोग्रॅम हवा! हवेला वजन असते हे पाठ असलेली मुलेही या आकड्याने चकित होतात. आता वेग १० मीटर करा. चौकटीतून दर सेकंदाला १२ किलोग्रॅम हवा जाऊ लागेल, म्हणजे हवा दुप्पट. आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्यातल्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये ऊर्जा चौपट. दुप्पट हवा, तिच्यात चौपट ऊर्जा: एकूण आठपट. आकड्यांत सांगायचे तर ७५ वॅटचे ६०० वॅट झाले. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे वाक्य मुलांनी अशा रीतीने स्वतः गाठले की ते पाठ करावे लागत नाही.

आता तक्त्याकडे परत या आणि गणिताच्या शिक्षकांची मदत घ्या. एका गावी वारा दिवसभर सेकंदाला ६ मीटर वाहतो. दुसऱ्या गावी अर्धा दिवस ४ मीटर आणि अर्धा दिवस ८ मीटर. सरासरी दोन्हीकडे ६ मीटरच. पवनचक्की कोठे उभारावी? ६ चा घन २१६. ४ चा घन ६४ आणि ८ चा घन ५१२, त्यांची सरासरी २८८. सरासरी वेग तोच असूनही दुसऱ्या गावच्या वाऱ्यात तिसऱ्या हिश्श्याने अधिक ऊर्जा आहे. पवनचक्की उभारण्याआधी एखाद्या जागी निदान वर्षभर वाऱ्याच्या नोंदी का घेतात, नुसत्या सरासरीवर का भागत नाही, याचे कारण या छोट्या उदाहरणात आहे. उंच मनोरे का बांधतात, हेही येथेच सांगता येईल: जमीन, झाडे आणि इमारती वाऱ्याला अडवतात, उंचीवर तो अधिक वेगवान असतो, आणि वेगातली थोडी वाढ घनामुळे मोठी होते.

तुमच्या मुलांच्या चक्कीवर हा घनाचा नियम तंतोतंत उतरवण्याचा प्रयत्न मात्र करू नका. लहान चक्कीत आसाचे घर्षण, पंख्याच्या हवेतला पीळ आणि मोटरीच्या चुंबकांची ओढ यांचा वाटा इतका मोठा असतो की आकडे वेडेवाकडे येतात, आणि मग आकडे ‘जुळवून’ लिहिण्याचा मोह होतो. नियम चौकटीच्या हिशेबाने शिकवा. चक्कीवर तुलना शिकवा.

तुलनेसाठी तीन बंधने पाळा. एका वेळी एकच घटक बदलायचा: पात्यांची संख्या बदलत असाल तर लांबी, रुंदी, कोन आणि पंख्यापासूनचे अंतर तेच ठेवायचे. मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह लिहायचा. आणि प्रत्येक मापन निदान तीन वेळा करायचे. पंखा चक्कीपासून सुमारे एक मीटर लांब ठेवा आणि जमल्यास मध्ये पुठ्ठ्याच्या नळ्यांची जुडी अशी आडवी बसवा की वारा नळ्यांतून चक्कीकडे जाईल, म्हणजे पंख्याच्या हवेतली गरगर कमी होऊन वारा बराच सरळ येईल. पाती पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लॅस्टिकची असावीत, धातूची कधीही नसावीत. सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे असावेत. आणि फिरणाऱ्या चक्कीच्या बाजूला, म्हणजे सुटलेले पाते ज्या दिशेने उडेल त्या रेषेत, कोणीही उभे राहू नये. या सूचना मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही. गोंदाने चिकटवलेले पाते सुटते, आणि ते नेमके तेव्हाच सुटते जेव्हा मुले वाकून पाहत असतात.

पात्यांच्या संख्येचा प्रयोग झाला की तीन पात्यांचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला उत्तराचा अर्धा भाग स्वतःच मिळेल. तिला बहुधा असे दिसेल की आठ-दहा पात्यांची चक्की मंद वाऱ्यावरही सुरू होते आणि जड पेला उचलते, पण सावकाश फिरते; दोन-तीन पात्यांची चक्की सुरू व्हायला कुरकुर करते, पण एकदा सुरू झाली की वेग घेते. कोणती चांगली? हे काम काय आहे त्यावर ठरते. विहिरीतून पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्क्यांना खूप पाती असत, कारण पंपाला जोर हवा असतो. जनित्राला वेग हवा असतो. १८८७-८८ च्या हिवाळ्यात चार्ल्स ब्रश यांनी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे आपल्या घरामागे वीज देणारी चक्की उभारली, तेव्हा १७ मीटर व्यासाच्या त्या चक्राला १४४ लाकडी पाती होती आणि तिचे जनित्र १२ किलोवॅटचे होते. साधारण तेवढ्याच व्यासाची, तीन सडपातळ पात्यांची आधुनिक चक्की त्याच्या निदान पाच-सहापट क्षमतेची असते. तीनऐवजी दोन पातीही चालतात आणि तशा चक्क्या बांधल्याही गेल्या आहेत. परंतु वाऱ्याच्या दिशेने माथा वळताना दोन पात्यांच्या चक्राचा भार दर फेऱ्यात कमी-जास्त होत राहतो आणि यंत्राला हिसके बसतात, तीन पात्यांत तो समतोल राहतो. चौथ्या पात्याने ऊर्जेत फारच थोडी भर पडते, खर्च आणि वजन मात्र पुरेपूर वाढते.

याच ओघात कोणीतरी विचारील की, एवढी फट ठेवली तर मधून वारा वाया जात नाही का? या प्रश्नासाठी पाच मिनिटे राखून ठेवा. समजा, चक्कीने वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेतली. मग चक्कीमागची हवा जागच्या जागी थांबेल, आणि थांबलेली हवा वाट अडवून बसली तर मागून येणारा वारा जाणार कुठून? हवेला पुढे निघून जाण्यापुरती गती ठेवावीच लागते. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास याचा हिशेब मांडला. वारा चक्कीमागे मूळ वेगाच्या एक-तृतीयांशावर आला असता सर्वाधिक ऊर्जा मिळते आणि तरीही ती वाऱ्यातल्या ऊर्जेच्या २७ पैकी १६ भागांपेक्षा, म्हणजे ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. उत्तम आधुनिक चक्क्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतात. तुमच्या मुलांनी ३० सेंटीमीटर व्यासाच्या चक्कीसाठी, सेकंदाला ४ मीटर वाऱ्यावर, हाच हिशेब केला तर चक्रातून जाणाऱ्या वाऱ्याची शक्ती सुमारे २.७ वॅट येईल. पेला उचलून मिळालेले ०.१ वॅट म्हणजे त्यातले जेमतेम ४ टक्के. पुठ्ठ्याच्या सपाट पात्यांसाठी हा आकडा लाजिरवाणा मुळीच नाही, आणि तो ४ वरून ६ वर नेणे हे प्रदर्शनासाठी अगदी योग्य उद्दिष्ट आहे.

पाते फिरते कसे, याविषयी एक सावधगिरी. पात्याच्या फुगीर बाजूवरून जाणाऱ्या हवेला लांबचा मार्ग कापून ‘त्याच वेळात’ पलीकडे पोहोचायचे असते म्हणून ती वेगाने जाते, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत आढळते. ते चूक आहे. वेगळ्या झालेल्या दोन प्रवाहांनी एकाच वेळी पोहोचावे असे कोणतेही बंधन निसर्गात नाही. तुमच्या वर्गासाठी एवढे पुरेसे आणि खरे आहे: तिरके पाते वाऱ्याला एका बाजूला वळवते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार वारा पात्याला दुसऱ्या बाजूला ढकलतो.

मुख्याध्यापकांना किंवा प्रदर्शनाच्या परीक्षकांना हे सगळे फार साधे वाटेल, अशी शंका तुमच्या मनात असेल, तर त्यांना पाउल ला कूर यांची गोष्ट सांगा. ते डेन्मार्कमधल्या आस्कोव येथील लोकविद्यालयात शिकवीत असत. १८९१ साली त्यांनी शाळेच्या आवारात वीज देणारी प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा हवा तेव्हा वाहत नाही, ही आजही भेडसावणारी अडचण त्यांना तेव्हाच दिसली होती. म्हणून त्यांनी त्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर काही वर्षे शाळेतले दिवे चालवले. त्यांनी स्वतः वातबोगदा, म्हणजे आतून वारा सोडून चाचणी घेण्याची मोठी नळी, बांधून पात्यांच्या लहान प्रतिकृतींवर मोजमापे घेतली आणि कमी पात्यांची, वेगाने फिरणारी चक्की वीजनिर्मितीसाठी सरस ठरते हे दाखवले. त्यांच्याकडे खेड्यांतल्या वीजतंत्रज्ञांसाठी वर्ग चालत. त्या वर्गांत शिकलेल्या योहानेस यूल यांनी पुढे १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की बांधली, जी सुमारे दहा वर्षे फारशा देखभालीविना चालली आणि नंतरच्या डॅनिश चक्क्यांना आदर्श ठरली. आधुनिक पवनचक्कीच्या घराण्याचा एक मूळ पुरुष शाळामास्तर होता आणि त्याची प्रयोगशाळा शाळेतच होती. पाती बदलून, मोजून, पुन्हा बदलून पाहण्याचे तुमच्या वर्गातले काम हे त्याच्याच कामाचे लहान रूप आहे.

फसलेल्या प्रयोगाचीही एक गोष्ट मुलांना द्या. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या एका डोंगरावर १९४१ साली १.२५ मेगावॅटची, तोवरची जगातली सर्वांत मोठी पवनचक्की सुरू झाली. १९४३ मध्ये तिचे एक मोठे बेअरिंग निकामी झाले. युद्धकाळात नवा भाग मिळायला दोन वर्षे गेली. आणि पुन्हा सुरू केल्यावर काही आठवड्यांतच, मार्च १९४५ मध्ये, तिचे एक पाते मुळाशी तुटून उडाले. त्या चक्कीत कोणी बॅटरी लपवली नाही. काय तुटले आणि का तुटले याची नोंद राहिली, म्हणून पुढच्यांना ती वाचता आली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. उणिवा सांगाव्यात का? सांगाव्यातच, आणि धड्याच्या शेवटी ओझरत्या नव्हे, तर मोजमापांसह सांगाव्यात. वारा नसताना वीज नाही. त्यामुळे साठवण, दूरच्या प्रदेशांशी जोडणी किंवा विजेचे दुसरे स्रोत लागतातच. तुमचा महिन्याचा तक्ता हीच गोष्ट दाखवील: क्रमांक ३ च्या खाली किती दिवस गेले ते मुलांनी मोजावे. पाती मुख्यतः काचतंतू आणि राळ यांच्या मिश्रणाची असतात आणि आयुष्य संपल्यावर त्यांचा पुनर्वापर अवघड जातो. पवनचक्क्यांना धडकून पक्षी व वटवाघळे मरतात. कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट खिंडीत गरुडांसारखे शिकारी पक्षी मोठ्या संख्येने मेले, हे खरे आहे, आणि तेथे जुन्या, लहान, दाटीने उभ्या चक्क्या काढून त्यांच्या जागी थोड्या, मोठ्या चक्क्या बसवल्या गेल्या, हेही खरे आहे. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार चक्क्यांचे प्रत्येकी एक पाते काळे रंगवल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हा अभ्यास वर्गात मांडा आणि विचारा: फक्त चार चक्क्यांवरून सर्वत्र तसेच होईल असे म्हणता येईल का? तीन-तीन वेळा मापन केलेली मुले या प्रश्नावर फार समंजस बोलतात. त्यांचा उत्साह उणिवांमुळे मावळत नाही. उणिवा आधी दडवल्या आणि नंतर दुसऱ्या कोणाकडून कळल्या, तर मात्र आपल्यावरचा विश्वास मावळतो. ‘मोफत’ हा शब्दही एकदा तपासून घ्या. वारा फुकट आहे. मनोरा, पाती, तारा आणि देखभाल फुकट नाहीत.

सहा आठवड्यांचे म्हणाल तर पहिला आठवडा वारा आणि तक्ता, दुसरा दोरा-पेल्याचा, पुढचे दोन पात्यांच्या तुलनेचे, आणि शेवटचे दोन विजेचे, असा माझा अंदाज आहे; पण पात्यांच्या तुलनेत मुले रमली तर तिथे आणखी एक आठवडा जाऊ द्या आणि विजेचा भाग आटोपता घ्या. प्रदर्शनाच्या टेबलावर पहिली, दिवा न लागलेली चक्की अवश्य ठेवा, शेजारी मल्टिमीटर, आणि त्यापुढे मुलांनी एकेक बदल करून केलेल्या चक्क्या, प्रत्येकीखाली तिचा आकडा आणि केलेला बदल मुलांच्याच अक्षरात. पाहुण्यांना समजावून सांगण्याचे काम पंख्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाकडे द्या. शेवटची चक्की दिवा लावू शकली तर उत्तमच. नाही लावू शकली, तर ती किती व्होल्टवर पोहोचली आणि किती कमी पडले, हे लिहा.

विजेच्या भागाकडे याल तेव्हा एक बारकावा ध्यानात असू द्या, कारण यात अनेकांचा पूर्ण तास वाया जातो. एलईडीची लांब तार मोटरच्या धन टोकालाच जोडावी लागते, आणि साध्या मोटरीचे धन टोक कोणते हे चक्की कोणत्या दिशेने फिरते त्यावर अवलंबून असते. म्हणून पात्यांचा कोन उलटा केला की मल्टिमीटरवर आकड्यापूर्वी उणे चिन्ह दिसेल आणि पुरेसा विद्युतदाब असूनही दिवा लागणार नाही. तसे झाले तर मुलांना लगेच सांगू नका. दोन्ही तारांची अदलाबदल करून पाहावी, हे त्यांना उणे चिन्हावरून सुचते का, ते आधी पाहा.